पार्किन्सनचा माणूस दारात थबकतो तेव्हा : या चुका टाळा

साताऱ्यात घरोघरी फिजिओथेरपीला जाताना एक वाक्य ऐकून कान किटलेत : "अहो, उचला ना पाय!" पार्किन्सन या मेंदूच्या आजारात माणसाला पाय उचलायचाच असतो हो, तो उचलत नाही हेच तर दुखणं आहे.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ओढणं. शनिवार पेठेतल्या एका वाड्यातले आजोबा सोप्यात बरे चालायचे, पण माजघराच्या अरुंद दाराच्या हातभर अलीकडे पाय जमिनीला चिकटायचे. मुलाला दुकान उघडायची घाई. त्यानं समोरून दोन्ही हात धरून ओढलं. अंग पुढे आलं, पाय तिथंच. आजोबांचं मनगट मोडलं. वर सूनबाई मला सांगतात, "जिना तर चढतात, दारातच कसं होतं? नाटकं नुसती."

नाटकं नाहीत. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडलं की न बघता, आपसूक चालणं बिघडतं आणि माणूस डोळ्यांच्या आधारानं चालू लागतो. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना सांगते, पाऊल इथं टाक. सपाट फरशी काहीच सांगत नाही, आणि दार अरुंद असेल तर पाऊल आणखी आखडतं.

म्हणून माझ्या पिशवीत पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ कायम असतं. दाराच्या अलीकडे-पलीकडे आडव्या पट्ट्या, साधारण दीड-दीड फुटावर. एकेक ओलांडत जायचं. आजोबा तिसऱ्या दिवशी माजघरात गेले. गणपतीत पाहुणे यायचे म्हणून घरच्यांनी पट्ट्या खरवडून काढल्या, "आता जमतंय की त्यांना!" आजोबा पुन्हा दारात उभे. अहो, पट्टी हे औषध नव्हे, चष्मा आहे. काढला की दिसायचं बंद.

पट्ट्या सगळ्यांना लागू पडत नाहीत. मग मी "एक-दोन, एक-दोन" मोजते. पाय अडकलाच तर आधी थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं, मग एकच मोठं पाऊल. आपण बाजूला उभं राहायचं, समोर नाही.

जागच्या जागी गर्रकन वळू देऊ नका. बैल गाडी वळवतात तसं ऐसपैस वळायचं. चालताना गप्पा आणि मोबाइल बंद. नक्षीदार सतरंजी, दारातलं पायपुसणं उचला. पार्किन्सनवरची लिवोडोपाची गोळी दूध-डाळीच्या जेवणासोबत घेतली तर काहींना नीट लागू पडत नाही. वेळ डॉक्टरांना विचारा, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद तर मुळीच करू नका.

"आठ दिवसांत फरक पडेल ना?" विचारणाऱ्यांच्या घरून मी चहाही न घेता निघते.

आणि पट्टीची कड सुटली तर मला फोन नको. त्या सुटलेल्या कडेतच पाय अडकेल. हार्डवेअरच्या दुकानातून नवं रीळ आणा.