औषध थांबवल्यावरही मन कोरडे राहते, तेव्हा या चुका टाळा

नैराश्यातून उठलेल्या माणसांच्या स्वमदत गटात मी गेली नऊ वर्षे बसतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तेच सांगत येते, की गोळ्या बंद करून बरेच दिवस झाले, रडू येत नाही, पण कशाचे काही वाटतही नाही. मागे वळून पाहिले की चुकाही बहुतेक त्याच निघतात.

पहिली चूक म्हणजे एक दिवसाआड गोळी घेऊन 'हळूहळू' औषध सोडणे. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधे शरीरातून लवकर उतरतात, त्यामुळे दिवसाआड घेतल्यास मेंदूला रोज नवा हिसका बसतो. शिवाय मात्रा आणि परिणाम सरळ प्रमाणात नसतात; वीसवरून दहा मिलिग्रॅमवर येणे सोपे जाते आणि शेवटच्या लहान मात्रेवरून शून्यावर येणे अनेकांना सर्वांत जड जाते. घाई नेमकी तिथेच होते. ही उतरण डॉक्टरांनीच आखावी, आणि त्यांनी सांगितलेले महिने कंटाळवाणे वाटले तरी पाळावेत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली. दोन वर्षे एस्सिटालोप्राम घेतल्यावर बरे वाटू लागले म्हणून मी कोणालाही न विचारता पंधरा दिवसांत ते बंद केले. पहिल्या आठवड्यात चक्कर आली, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटले, मग ते ओसरले. तिसऱ्या महिन्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी किती शांत झालेत!" मलाही ते खरे वाटले. एका संध्याकाळी पत्नी तीन शिट्ट्यांनंतर कुकर बंद करायला सांगून बाजारात गेली. मी ओट्यापाशीच उभा होतो. अकरा शिट्ट्या मोजल्या, करपल्याचा वास आला, तरी गॅसच्या बटणाकडे हात न्यावा असे वाटले नाही. ती परतली तेव्हा मी एवढेच म्हणालो, "डाळ लागली वाटतं." ती रागावली नाही, दुसऱ्या दिवशी जुनी फाईल काढून मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारले, "शेवटचा राग कधी आला होता?" मला आठवेना. ज्याला घरात सगळे शांतपणा म्हणत होते, तो परतलेला आजार होता.

औषध सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो आणि आजार आठवड्या-महिन्यांनी दबक्या पावलांनी परततो. पण काहींचा पहिला त्रासही महिनोन्महिने रेंगाळतो, म्हणून याचा निवाडा घरी करू नये. ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ औषध घेऊन बरे वाटत असलेल्यांपैकी ज्यांचे औषध टप्प्याटप्प्याने थांबवले, त्यांतील ५६ टक्के लोकांना वर्षभरात आजार पुन्हा झाला. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. पुन्हा गोळी सुरू करावी लागणे हा मनाचा दुबळेपणा आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे नीट वाचावेत.

उरलेली जुनी पाकिटे काढून स्वतःच पुन्हा सुरुवात करू नका. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका. थायरॉइड आणि बी-१२ तपासल्याशिवाय सगळे खापर मनावर फोडू नका. औषध चालू असतानाही भावना बोथट होऊ शकतात, तेव्हा हे कोरडेपण नेमके कधीपासून आहे, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. घरच्या माणसाला जवळ बसवून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो.

मी आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज रात्री एक गोष्ट लिहितो, जिने त्या दिवशी मनाला काहीतरी झाले : नातीचे बोबडे बोल, रिक्षावाल्याशी झालेली हुज्जत, काहीही. सलग चार चौकटी रिकाम्या राहिल्या की पत्नी मला न विचारता डॉक्टरांची वेळ घेते. तसे आमचे ठरलेले आहे.