हाडं बळकट करायची तर फक्त चालून भागत नाही

रंकाळ्यावर रोज फेरी मारणं हृदयासाठी उत्तमच. हाडांना मात्र त्याहून थोडं जास्त लागतं. भार आला की हाड अगदी किंचित वाकतं, आतल्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो आणि हाडातल्या पेशींना तो ताण कळतो. मग जिथे ताण जास्त तिथे नवं हाड भरलं जातं. जिथे काम नाही तिथलं झिजतं. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली भार आणि हाडाच्या घडणीचं हे नातं मांडलं. टेनिसपटूचं रॅकेटच्या हाताचं हाड जाड होतं, तर वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांची खुब्याची हाडं महिन्याला साधारण १ टक्का घटतात.

सुरुवात बैठकांपासून करा. तालमीत घुमणाऱ्या पैलवानासारख्या नव्हे. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, १० वेळा. ते सोपं झालं की हातात वजन घ्या. वजन हळूहळू वाढवत राहणं महत्त्वाचं, कारण सवयीच्या भाराने हाड बदलत नाही. मनगट आणि दंडासाठी जोर मारा, जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात लावून. लिफ्ट सोडून जिना धरा.

महिनाभराने उड्या. जागच्या जागी १० ते २०, आठवड्यातून तीन-चार दिवस. इथेच बहुतेकांचं चुकतं: दमेपर्यंत उड्या मारल्या की जास्त फायदा, असं वाटतं. पण एकसारखा भार येत राहिला की हाडातल्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि काही तासांच्या विश्रांतीने परत येतो. म्हणून निम्म्या सकाळी, निम्म्या संध्याकाळी. मात्र हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्याला फ्रॅक्चर झालं असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या नकोतच.

पोहणं, सायकल यांत शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही. ते करा, पण याच्या जागी नको. दूध, नाचणी आणि ऊनही हवंच.

जुनं हाड काढून त्या जागी नवं भरून पक्कं व्हायला चार-सहा महिने लागतात. त्यामुळे दोन महिन्यांत तपासणी करून निराश होऊ नका. सगळ्यात मोठी कमाई वयात येतानाच होते. घरातल्या मुलींना खो-खो, लंगडी, दोरीउड्या भरपूर खेळू द्या; अभ्यासाच्या नावाखाली ती वर्षं बसून घालवायला लावू नका.