जुनी छोटी रायफल विकत घेताय? किंमत ठरवताना या चुका टाळा

तूर शेंगांवर आली की आमच्याकडे डुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रभर वावरात असतात. याच दिवसांत दरवर्षी कुणाचा तरी फोन येतो, "काकाजी, एक छोटी रायफल मिळून राहिली. शिकारीची आहे, विलायती. घेऊ का?" मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा शेतकरी. संत्रा, तूर आणि पराटी (कापूस) करतो. घरात आजोबांपासून शस्त्राचा परवाना आहे. ही फोनवरची उत्तरं आता लिहूनच ठेवावीत असं वाटलं, कारण चुकीच्या रायफलीत गेलेला पैसा परत येत नाही आणि खराब रायफल चालवणाऱ्याच्या जिवावर बेतते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'शिकारीची रायफल' हे फक्त नाव उरलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. पीक खाणाऱ्या डुकरावर गोळी झाडायची तरी वनविभागाची लेखी परवानगी आधी हातात लागते. शस्त्राचा परवाना ही ती परवानगी नव्हे. रायफल घेतली की डुकराचा बंदोबस्त झाला, असं गृहीत धरून किंमत मोजू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वरची चमक पाहून भाव ठरवणं. ती मी स्वतः केली आहे. माझी पहिली ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रायफल ओळखीतूनच घेतली. नळी काळीभोर, कुंद्याला म्हणजे लाकडी दस्त्याला नवं पॉलिश. मी आत पाहायला लागलो तर विकणारा म्हणाला, "भाऊ, आत काय पायता, वरूनच पाहा ना, नवी कोरी आहे." मी वरूनच पाहिली. परवानगी घेऊन निशाण्यावर झाडून पाहिली, तर तिसऱ्या गोळीचं रिकामं काडतूस आतच अडकलं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, मागे येईना. शेवटी बंदूकवाल्याकडे (परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडे) नेऊन काढावं लागलं. काडतूस बसतं त्या खोलीत गंजाचे खड्डे होते आणि पितळ फुगून त्या खड्ड्यांत रुतत होतं.

हे खड्डे कसे पडतात ते कळलं की पाहायचं कुठे हेही कळतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी सुटली की त्याचा क्षार नळीत उरतो आणि मिठासारखा हवेतली ओल ओढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ओल भरपूर. हा क्षार तेलाने निघत नाही, गरम पाण्याने निघतो. पण गावोगावी पद्धत एकच, तेलाचा बोळा फिरवायचा आणि भिंतीला टेकवून ठेवायची. क्षार तेलाखाली राहतो आणि गंज आत चालूच असतो.

म्हणून रायफल हातात आली की पहिल्यांदा बोल्ट उघडा, मॅगझीन काढा, काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग बोल्ट बाहेर काढा. नळीतून कोरडी चिंधी दोन-तीनदा ओढा, कारण तेलाखाली खड्डे लपतात. मागच्या तोंडाशी पांढरा कागद तिरका धरा, त्यावर उजेड पडू द्या आणि पुढून पाहा. नळीतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, कडेला धारदार दिसले पाहिजेत. पुढच्या टोकाजवळ ते गुळगुळीत झाले असतील तर पुढून सळई घालून वर्षानुवर्षं साफसफाई झाली आहे. अशा नळीचा नेम टिकत नाही. पिळांच्या खोलगट भागात बारीक काळे ठिपके असतील तर भाव पाडून घेता येईल. काडतुसाच्या खोलीत किंवा तिच्या लगेच पुढे खोल खड्डे असतील तर माझ्या मते ती रायफल कुठल्याच भावाला घेऊ नये. "नळी बदलून घेऊ" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नळी हा कायद्याने नियंत्रित भाग आहे, मिस्त्रीकडे जाऊन बदलायचा मोटारसायकलचा सायलेन्सर नव्हे.

दुसरी चूक 'छोटी' या शब्दाची. काही रायफली मुळातच आखूड बनवलेल्या आहेत. ऑस्ट्रियाची १९०३ ची मॅनलिकर-शोनाउअर कार्बाइन हे त्यातलं नामांकित उदाहरण, ४५० मिलीमीटर नळी आणि तोंडापर्यंत लाकूड. पण बाजारात 'छोटी' म्हणून येणाऱ्या काही रायफली कापलेल्या असतात. नळी आखूड करणं हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ चा विषय आहे. विनापरवाना कापलेली रायफल स्वस्तात मिळाली तर ती स्वस्त नाही, तो गुन्हा तुम्ही पैसे देऊन घरी आणता.

कापलेली ओळखायची युक्ती सोपी आहे. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, पुढून एक सरळ लाकडी काडी टेकेपर्यंत आत सोडा, नळीच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करा आणि काडी काढून टेपने मोजा. हे माप त्या मॉडेलच्या कारखान्याच्या मापाशी जुळवा. मग टोक पाहा. कारखान्याची गोलाई सारखी असते, हॅकसॉची नसते. नेम धरायची पुढची मक्खी नव्याने डाग देऊन बसवलेली असेल तर तिच्या बुडाशी रंग वेगळा दिसतो.

खऱ्या आखूड नळीचीही किंमत मोजावी लागते. दर इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला साधारण २० ते ३० फुटांनी घटतो, आवाज आणि जाळ वाढतो. जागलीला मचाणावर हाताळायला ती बरी, हे खरं. पण तोंडापर्यंत लाकूड असलेल्या रायफलीत लाकडाखाली गंज दडतो. स्क्रू काढून दाखवायला नकार मिळाला तर तिथेच थांबा.

बोअरबद्दल थोडक्यात. आपल्याकडे रायफलीची किंमत काडतुसावर ठरते. ३१५ म्हणजे ८ बाय ५० मिलीमीटर, बुडाला बाहेर आलेली कडा असलेलं काडतूस. ते आणि ८ बाय ५७ माउजर एक नव्हेत, पण दोन्ही 'आठ एमएम' म्हणून खपवली जातात. ३१५ ची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनते आणि तिची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मिळतात. ६.५ बाय ५४ ची मॅनलिकर कितीही देखणी असो, तिला खायला घालायला काडतूस नसेल तर ती भिंतीवरची वस्तू आहे. ३०३ कुणी दाखवली तर हातही लावू नका, ते प्रतिबंधित बोअर आहे आणि साध्या परवान्यावर बसत नाही.

भावाचा अंदाज घ्यायचा तर आधी दोन बंदूकवाल्यांकडे ईशापूरच्या नव्या रायफलीचा आजचा भाव विचारा. जुनी देशी ३१५ त्याच्या वर जाऊच नये. विलायती रायफलीचा भाव चढा असतो, कारण सामान्य परवानाधारकाला परदेशातून मागवणं जवळपास बंदच आहे. त्या भावातला बराच भाग टंचाईचा असतो, रायफलीच्या गुणाचा नव्हे.

बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का पाहा. ली-एन्फिल्ड (जुनी इंग्रजी लष्करी रायफल) पद्धतीच्या रायफलीत दुसरीकडचा बोल्ट बसतो, पण बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर बिघडतं आणि पितळ मागून फुटू शकतं. हे अंतर गेजने बंदूकवालाच तपासू शकतो. त्याची मजुरी देऊन टाका. नंबर घासलेला असेल तर भावाची गोष्टच काढू नका. अक्षरं पुसट, कोपरे गोल आणि स्क्रूची भोकं बशीसारखी झाली असतील तर तिला घासून नवा रंग दिला आहे.

कुंदा पाहताना मनगटाची जागा, म्हणजे बोल्टच्या मागचा निमुळता भाग, दोन्ही हातांनी हलका पिळा. आमच्या मे महिन्यातल्या उन्हात लाकूड आकसतं आणि तडा तिथेच जातो. उभ्या ठेवलेल्या रायफलीचं तेलही उतरून तिथेच मुरतं आणि लाकूड काळं, मऊ पडतं. नवं पॉलिश नेमकं याच जागी जास्त असेल तर बोटाच्या नखाने दाबून पाहा.

आता कागद. विकणाऱ्याच्या परवान्यावरचा बोअर, बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर रायफलीशी अक्षरशः जुळला पाहिजे. मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या घरात पडून असलेली रायफल परस्पर घेऊ नका. ती आधी ठाण्यात किंवा बंदूकवाल्याकडे जमा असली पाहिजे. खाजगी व्यवहारात विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. घरात दोन असतील तर तिसरीचा विचार सोडा. "ही वीस काडतुसं सोबत घ्या" म्हणून पिशवी पुढे आली तर नाही म्हणा. काडतुसांचीही नोंद लागते, आणि जुन्या काडतुसांत कोणती टोपी आहे हे वरून कळत नाही.

त्या ४५ दिवसांत रायफल मालकाकडेच राहते. मध्ये निवडणूक लागली तर ती ठाण्यात जमा करावी लागू शकते आणि कधी कधी महिनाभर पोत्यात गुंडाळलेली असते. म्हणून पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. ताबा घेण्याच्या दिवशी पुन्हा कोरडी चिंधी ओढा, पुन्हा कागद धरून आत पाहा आणि मगच उरलेले पैसे द्या.