फायटर बनवताय? या चुका टाळा, नाहीतर निम्मे टर्न पाण्यात

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलवर खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये फायटर म्हणजे सोपा क्लास (कॅरेक्टरचा प्रकार), नवीन प्लेयरला देऊन टाका, तलवार फिरवत बसेल, असं सगळेच सांगतात. मग पाचव्या-सहाव्या लेव्हलला तोच प्लेयर वैतागून म्हणतो की शीटवर माझं कॅरेक्टर जबरदस्त दिसतं पण टेबलवर काहीच होत नाही राव. यावर लगेच डॅमेज वाढवायचे सल्ले सुरू होतात, हे वेपन घे, ती फीट (खास क्षमता) घे. माझं म्हणणं एवढंच की आधी मागच्या दोन-तीन लढाया आठवा आणि त्यात किती टर्न फुकट गेले ते बघा, म्हणजे कधी हलताच येत नव्हतं, कधी शत्रू हवेत होता, कधी नुसतेच मिस. गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. (खालचे आकडे डी अँड डी पाचव्या एडिशनचे, २०१४ च्या नियमांप्रमाणे. २०२४ ला जिथे बदललंय तिथे सांगतोच.)

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विस्डम ८ ठेवणं. पॉइंट बायमध्ये (स्ट्रेंथ-विस्डमसारखे गुण विकत घ्यायची पद्धत) २७ पॉइंट असतात, स्ट्रेंथ आणि कॉन्स्टिट्यूशन भरलं की बाकीचं जाऊ दे असं वाटतं, कारण फायटरला विस्डम कशाला लागतं. लागतं, सेव्हसाठी, म्हणजे स्पेलचा परिणाम टाळायच्या रोलसाठी. फायटरला स्ट्रेंथ आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्हची प्रोफिशिअन्सी (रोलवर मिळणारा बोनस) मिळते, पण तुम्हाला लढाईतून बाहेर काढणारे स्पेल, होल्ड पर्सन, फिअर, डॉमिनेट पर्सन, हे सगळे विस्डमवर जातात. समजा कोणी डीसी १५ चा (सेव्हला एकूण किमान १५ लागणारा) होल्ड पर्सन टाकला. तुमचा सेव्ह -१, म्हणजे डी२० (वीस बाजूंचा फासा) वर १६ किंवा जास्त पडायला हवा, चान्स २५ टक्के. फेल झालात की पॅरालाइझ, टर्नच्या शेवटी परत तोच २५ टक्क्यांचा रोल, आणि तोपर्यंत ५ फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिट (डॅमेजचे फासे दुप्पट). पार्टीतला सगळ्यात दणकट माणूस उभ्याउभ्या आडवा होतो आणि प्लेयर मोबाईल बघत बसतो. उपाय सोपा आहे, सुरुवातीलाच विस्डम १३ ठेवा आणि सहाव्या लेव्हलला रेझिलिअंट फीट विस्डमसाठी घ्या. विस्डम १४ होतं, प्रोफिशिअन्सी मिळते, सेव्ह सरळ +५, आता १० पडले तरी पुरतात. फायटरला चौथ्या लेव्हलनंतर सहाव्यालाच परत फीट मिळते जी बाकी क्लासना मिळत नाही, ती इथे खर्च करा ना. नवव्या लेव्हलला इंडॉमिटेबल मिळतंच की, असं कोणी म्हणेल, पण २०१४ मध्ये तो फक्त फेल झालेल्या सेव्हचा रीरोल आहे, -१ तो -१ च राहतो. २०२४ मध्ये त्या रीरोलला फायटर लेव्हल ॲड होते, तिथे मात्र तो खरंच कामाचा झालाय.

दुसरी गोष्ट, ग्रेट वेपन मास्टर फीट (वार लागण्याच्या रोलला -५ घेऊन डॅमेज +१०) घेतली म्हणून दर वेळी -५ लावायचं नसतं. पाचवी लेव्हल, स्ट्रेंथ १८, टू हिट (वार लागण्याच्या रोलचा बोनस) +७, हातात ग्रेटसोर्ड, सरासरी डॅमेज ११ धरा. समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १३ असेल तर साधा वार ७५ टक्के लागतो, सरासरी ८.२५ पडतात. -५ घेऊन ५० टक्के लागतो पण डॅमेज २१, म्हणजे १०.५, मस्त. आता तेच प्लेट घातलेल्या एसी १८ वाल्यावर करा, साधा वार ५.५ आणि -५ वाला ५.२५. म्हणजे डॅमेज कमी आणि मिस दीडपट, वर तोंड पाडून बसायचं. क्रिट धरले तरी चित्र फार बदलत नाही. ॲडव्हान्टेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा) असेल किंवा कोणी ब्लेस (रोलला बोनस देणारा स्पेल) टाकला असेल तर गणित वेगळं. २०२४ मध्ये तर हा -५/+१० प्रकारच काढून टाकलाय.

चॅम्पियन या फायटरच्या सबक्लासबद्दल थोडक्यात. १९ वर क्रिट ऐकायला भारी वाटतं पण ग्रेटसोर्डला क्रिटमुळे सरासरी ७ जास्त पडतात, त्याचे जादाचे ५ टक्के म्हणजे दर वाराला ०.३५. एवढंच. बॅटल मास्टर या दुसऱ्या सबक्लासला तिसऱ्या लेव्हललाच चार डी८ (खास डावपेचांसाठीचे आठ बाजूंचे फासे) मिळतात, शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत भरतात, आणि प्रिसिजन अटॅक हा डावपेच तर रोल बघितल्यावर लावता येतो, एकाने-दोनाने हुकलेला वार हिट करून घेता येतो.

आता टँक. प्लेट १८, शील्ड २, डिफेन्स स्टाइल १, एसी २१ करून लोक छाती काढून पुढे उभे राहतात आणि शत्रू शांतपणे बाजूने निघून विझर्डला धरतो. व्हिडिओ गेमसारखा ॲग्रो (शत्रूला आपल्याकडेच खेचून ठेवणं) इथे नसतो हो! तुमच्याकडे राउंडला रिॲक्शन (सहसा दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची कृती) एकच, पहिला जाताना एक ऑपॉर्च्युनिटी अटॅक माराल, दुसरा-तिसरा फुकटात गेला. सेंटिनेल फीट घेतलीत तर तो पहिला तरी जागेवर थांबतो. पण फीटशिवायही होतं, आणि हे फार कमी लोक करतात: पाचव्या लेव्हलला दोन अटॅक आहेत, पहिल्या अटॅकच्या जागी ग्रॅपल (पकडणं), दुसऱ्याच्या जागी शव्ह (ढकलणं) करून खाली पाडायचं. ग्रॅपलमुळे स्पीड शून्य, आणि स्पीड शून्य असताना उठता येत नाही, म्हणजे आधी सुटल्याशिवाय तो तिथेच पडून. जवळच्या सगळ्यांना त्याच्यावर ॲडव्हान्टेज. धनुष्यवाला मित्र मात्र शिव्या घालेल कारण लांबून मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज येतो. फक्त ॲथलेटिक्स स्किल घेतलेलं पाहिजे आणि एक हात मोकळा हवा, शील्ड सोडायला अख्खी ॲक्शन जाते हे लक्षात ठेवा.

उडणारा शत्रू आला की स्ट्रेंथवाले फायटर लाँगबो शोधतात आणि डेक्स (डेक्स्टेरिटी, चपळता) १० ने मिसवर मिस. जॅव्हलिन ठेवा, ३० फुटांपर्यंत नीट जातं आणि स्ट्रेंथवरच चालतं. २०१४ मध्ये टर्नला एकच वस्तू फुकट काढता येते त्यामुळे दुसरा अटॅक अडतो, २०२४ मध्ये फेकायचं शस्त्र अटॅकमध्येच काढता येतं.

पाथफाइंडर (डी अँड डीसारखाच दुसरा गेम) सेकंड एडिशनवाल्यांसाठी एकच, तीन ॲक्शन आहेत म्हणून तीनदा मारू नका. तिसऱ्या वाराला साध्या शस्त्राने -१० बसतो, त्यापेक्षा शील्ड उचला, एसी +२.

आणि कॅम्पेन अर्ध्यावर आलंय, बिल्ड आधीच गंडलंय, तर? नवीन कॅरेक्टर आणायची घाई करू नका. २०२४ च्या नियमांत फायटरची लेव्हल वाढली की फायटिंग स्टाइल बदलता येते, आणि लाँग रेस्टनंतर एका शस्त्राची मास्टरी (त्या शस्त्राची खास युक्ती) बदलता येते, उद्या उडणारं काही भेटणार असेल तर जॅव्हलिनची स्लो (शत्रूचा वेग कमी करणारी) घेऊन निघा. २०१४ खेळत असाल तर एक फीट बदलू देता का म्हणून डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सेशनच्या आधी विचारा, चालू लढाईत नको. आणि विचारताय तर शॉर्ट रेस्टचंही विचारून घ्या, कारण दिवसात एकच लढाई आणि लगेच लाँग रेस्ट असं चालत असेल तर ॲक्शन सर्ज (रेस्टनंतर परत मिळणारी जादा ॲक्शन) दिवसातून एकदाच वापरला जाणार, तो तुमच्या बिल्डचा दोष नाही.