आठ दिवसांचे पाणी साठवताना रोगराई कशी टाळावी

मराठवाड्यातील अनेक शहरांत आणि गावांत नळाला रोज पाणी येत नाही. कुठे चार दिवसांनी येते, कुठे आठ, आणि उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला कोणाच्याही उपयोगाचा नाही. पाणी साठवणे भागच आहे, म्हणून ते कसे साठवावे हे नीट समजून घ्यायला हवे.

साठवलेल्या पाण्यातून रोग दोन निरनिराळ्या वाटांनी येतात. गॅस्ट्रो, कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतात व ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या मात्र पाणी पिऊन होत नाहीत; ते पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. पिण्याच्या पाण्यात घालतो तेवढ्या क्लोरीनने डासांच्या अळ्या मरत नाहीत आणि भांड्यावर झाकण ठेवल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत. त्यामुळे एक उपाय केला म्हणून दुसरा सोडून चालत नाही.

पाणी येण्याच्या आदल्या दिवशी

सगळी तयारी या दिवशी करावी. आरोग्य खाते आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते, कारण अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात आणि त्याआधी भांडे रिकामे झाले तर अळ्यांची वाढ पुरी होत नाही. टंचाईत मात्र उरलेले पाणी ओतून द्यायला कोणाचाही हात धजत नाही, आणि ते ओतण्याची गरजही नाही. उरलेले पाणी जाड सुती कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे व धुण्याभांड्याला किंवा संडासासाठी वापरावे. कापडावर राहिलेल्या अळ्या कोरड्या, तापलेल्या जमिनीवर झटकाव्यात. गटारीत टाकल्यास त्या तिथे जगू शकतात.

नंतर रिकामा हौद, रांजण किंवा टिपाड आतून काथ्याने किंवा ताठ ब्रशने खसाखसा घासावे. नुसते विसळून भागत नाही. एडिस डासाची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही बारीक काळी अंडी कोरड्या भांड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरले की त्यातून अळ्या बाहेर पडतात. म्हणून पाण्याची रेघ जिथे उमटलेली असते, त्या पट्ट्यावर हात जास्त फिरवावा. घासलेले भांडे शक्य असल्यास उन्हात पालथे घालावे.

भांडी अनेक असतील तर ती एकेक करून पूर्ण संपवावीत. चार टिपाडांतून थोडे थोडे पाणी काढले की चारही अर्धवट भरलेली राहतात आणि एकही घासायला मोकळे होत नाही. जमिनीतला मोठा हौद असा रिकामा करता येत नाही. त्यात गप्पी मासे सोडावेत. आरोग्य कर्मचारी घरी येऊन पाण्यात अळीनाशक टाकतात, तेव्हा त्यांना अडवू नये.

नळ आल्यावर

अनेक दिवस कोरड्या पडलेल्या जलवाहिनीत दाब नसतो. ती कुठे फुटली असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर ते घाण पाणी आत शिरते व नळ सुटला की सर्वांत आधी तेच घरात येते. म्हणून पहिल्या काही मिनिटांचे पाणी बादलीत वेगळे धरून सांडपाण्याच्या कामाला घ्यावे आणि ते स्वच्छ दिसू लागल्यावर पिण्याचे भरावे. नळाला थेट मोटार लावण्याचा मोह टाळावा; मोटार ओढते तेव्हा वाहिनीतील प्रत्येक भेगेतून बाहेरची घाण आत खेचली जाते आणि त्याचा त्रास साऱ्या गल्लीला होतो. दाब कमी म्हणून खड्डा खणून त्यात नळ बसवलेला असेल, तर तो खड्डा कोरडा राहील याकडे रोज लक्ष द्यावे, कारण पावसाचे व मोरीचे पाणी त्यात साचले की नळाचे तोंड थेट त्या पाण्यात बुडते.

पिण्याचे पाणी वेगळे करताना

सगळ्या साठ्याला एकदाच क्लोरीन घालून आठ दिवस निश्चिंत राहता येत नाही. क्लोरीनचा अंश हळूहळू उडून जातो. त्यापेक्षा रोज लागणारे पिण्याचे पाणी वेगळ्या भांड्यात काढून त्यावर प्रक्रिया करणे हे माझ्या मते सर्वांत खात्रीचे आहे. टँकरचे किंवा पावसाळ्यातील गढूळ पाणी असेल, तर आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी गाळून घ्यावे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनची शक्ती गाळावरच खर्च होते. त्यानंतर आशाताईंकडे मिळणारे मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) किंवा क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकाव्यात आणि किमान अर्धा तास थांबावे. सरपण किंवा गॅस परवडत असेल तर पाणी खळखळून उकळणे तितकेच चांगले.

घरावरच्या टाकीसाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरायची असल्यास १००० लिटरला सुमारे ५ ग्रॅम हे ठोकताळ्याचे प्रमाण आहे. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच टाकीत ओतावी. पुडा उघडा किंवा जुना असेल तर त्यातील क्लोरीन निघून गेलेला असतो व पावडर टाकूनही काही साध्य होत नाही. गावात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहणारी ओटी चाचणी करतात. त्यांना आपल्या घरच्या पाण्याची चाचणी करायला अवश्य सांगावे. चाचणीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. जारचे पाणी थंड असते म्हणून ते निर्जंतुक असेलच असे नाही. त्याचीही चाचणी करून घ्यावी.

पिण्याच्या भांड्यात हात किंवा पेला बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, किंवा तोटी असलेले भांडेच घ्यावे. इतकी मेहनत करून शुद्ध केलेले पाणी शौचाहून आलेल्या, साबण न लावलेल्या एका हाताने पुन्हा दूषित होते. टंचाईत हात धुण्यात काटकसर होते हे खरे, पण साबण चोळून अर्ध्या तांब्याच्या धारेखाली हात नीट धुता येतात. आंघोळीचे पाणी संडासासाठी राखून ठेवले, तर पाण्याअभावी उघड्यावर जाण्याची वेळही येत नाही.

झाकताना

झाकण घट्ट बसत नसेल तर जाड कापड ताणून दोरीने बांधावे. ते मध्ये लोंबून पाण्याला टेकू देऊ नये. छतावरील टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधावी. कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि अंगणातील टायरही आठवड्याच्या घासणीत घ्यावेत.

तरीही कोणी आजारी पडल्यास

जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस द्यावे. एक संपूर्ण पुडी एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावी व ते पाणी २४ तासांत संपवावे. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये, कारण मिठाचे प्रमाण बिघडले तर अपाय होतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी अशाच साध्या मिश्रणावर कॉलराच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले होते. पुडी नसेल तर एका लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा मूल सुस्तावले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

डेंग्यूचा संशय असलेल्या तापात पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून देऊ नये. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे समजू नये. धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरतानाच येतात. त्या वेळी पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अस्वस्थता दिसली, तर त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, म्हणजे त्याला चावलेला डास घरातील इतरांना चावणार नाही.

काविळीची गोष्ट वेगळी आहे. दूषित पाणी पोटात गेल्यानंतर कावीळ कित्येक आठवड्यांनी दिसते, त्यामुळे ‘आता तर पाणी स्वच्छ येते’ म्हणून शंका सोडू नये. गर्भवतीला काविळीची लक्षणे दिसली तर विलंब करू नये, कारण पाण्यातून पसरणारी हेपेटायटिस ई ही कावीळ गर्भारपणात जिवावर बेतू शकते. आणि एकाच गल्लीत दोन-तीन घरी जुलाब, कावीळ किंवा ताप आढळला, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्राला कळवावे, म्हणजे गळती शोधणे, पाण्याचे नमुने घेणे आणि घरोघरी अळ्यांची पाहणी ही कामे पुढचा नळ सुटण्याआधी सुरू होतील.