नाशिकहून भंडारदरा: आधी रतनगडाचं जंगल, मग जलाशयाची फेरी

भंडारदऱ्याला गेलेले बरेच जण धरणाजवळच्या शेंडी गावात गाडी लावतात, धरणापाशी फोटो काढतात, कणीस खातात आणि परततात. बघण्यासारखा मुलूख खरं तर तिथून पुढे आहे. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे करत पुन्हा शेंडीला येतो. त्यातल्या रतनवाडीतून रतनगडाची जंगलवाट निघते. गड आणि फेरी दोन्ही एका दिवसात होतात, पण क्रम नीट लावला तरच.

आधी महिना ठरवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. ऐन पावसाळ्यात गडाचा नाद सोडा, कारण वाटेत ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की तो बघता बघता फुगतो. त्या दिवसांत नुसती गाडीची फेरी करा. मेअखेरीस काजवे बघायला इतकी गाड्यांची रांग लागते की काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त दिसतात. जायचंच असेल तर आठवड्यातला मधला वार धरा.

निघायचं पहाटे पाचला. मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी गाठा, तिथेच पेट्रोल भरा आणि डावीकडे भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागा. नाशिक ते शेंडी साधारण ७० किलोमीटर. उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाईची रांग सोबत करत राहते. बारी गाव आलं की कळसूबाईच्या, म्हणजे १,६४६ मीटरच्या शिखराच्या पायथ्याशी आलात. ‘आलोच आहोत तर हेही करू’ असं कुणी म्हणेल, त्याचं ऐकू नका. दोन चढायांत दिवस नुसता धापा टाकण्यात जातो.

शेंडीनंतर मोबाइलची रेंज धरसोड करते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरायला सुटे पैसे ठेवा आणि पावती जपा. इथे थेट घाटघरकडे न वळता मुतखेलमार्गे दक्षिण काठाने रतनवाडी गाठा. सकाळची ताकद चढाईला मिळते, ऊनही डोक्यावर यायचं असतं.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या कोरीव दगडी मंदिरापाशी गाडी लावा, शेजारची पुष्करिणी बघा. जवळच्या एखाद्या घरी जेवणाचं सांगून ठेवा: भाकरी, पिठलं, भात. किती जण आणि साधारण किती वाजता, हे आत्ताच सांगितलं तर उतरल्यावर ताटकळावं लागत नाही. पहिल्यांदाच जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या.

वाट सुरुवातीला प्रवरेच्या काठाने जाते. नदीचा उगम याच डोंगरात आहे. मग दाट झाडी लागते. हिरडा, जांभूळ आणि खाली कारवीचं रान. इथे घाई करू नका. शेकरू दिसेलच असं नाही, पण गप्पा बंद ठेवल्या तर निदान शक्यता तरी उरते. पुढे वाट फुटते: सरळ जाणारी हरिश्चंद्रगडाकडे, उजवीकडची रतनगडाला. भलतीकडे शिरलात तर दिवस गेला. शेवटी कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या येतात. एका वेळी एकानेच चढायचं, दोन्ही हात मोकळे ठेवायचे, आणि खाण्याची पिशवी हातात नको, सॅकच्या आत. माकडं हिसकावून नेतात.

शिड्या संपल्या की गणेश दरवाजा. त्याहून वर नेढं, म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक. वारा इतका असतो की टोपी काढूनच बसा. खाली जलाशय पसरलेला, पलीकडे कळसूबाईची रांग. ज्या धरणामुळे हे पाणी साठलं, ते १९२६ साली पूर्ण झालं. चढायला तीन तास, उतरायला दोन-अडीच धरा. माणशी तीन लिटर पाणी लागतंच. साडेअकराला वर पोचला नसाल तर नेढं सोडून द्या, पण उतरायला उशीर नको.

जेवून तीनच्या सुमारास साम्रदकडे निघा. सांदण दरीच्या तोंडाशी डोकावायला हरकत नाही, आत शिरायला मात्र वेगळा दिवस हवा. तिथून घाटघरचा कोकणकडा गाठा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतरच तो बघण्यात मजा. मुक्कामी असाल तर सूर्यास्त बघा. त्याच दिवशी नाशिकला परतायचं असेल तर पाचला गाडी काढा, म्हणजे पांजरे, मुरशेतचा वळणांचा रस्ता उजेडात पार होतो. संध्याकाळी गुरं घराकडे निघतात. वळणावर हॉर्न द्या आणि वेग कमी ठेवा. शेंडीला आल्यावर हातात वेळ उरला असेल तरच राजूरच्या रस्त्यावरचा रंधा धबधबा. ऑक्टोबरनंतर धरणातून पाणी सोडलं नसेल तर तो अगदीच बारीक असतो. तेव्हा शेंडीत आधी विचारा, नाहीतर सरळ घोटीचा रस्ता धरा.