बायपासचा व्हॉल्व उघडा सापडला तर

रात्री पावणेदोनला फोन वाजला. "ताई, झोपलात का? बायपास उघडाय. आजचा नाही, बरेच दिवस झाले." आमच्या ईटीपीवरचा, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवरचा ऑपरेटर होता, दांडिया बाजारातला मुलगा. इतक्या हळू बोलत होता की आधी मला त्याच्यामागचा पाऊसच ऐकू आला.

मी तेव्हा वडोदऱ्याजवळच्या एका डाय-इंटरमीडिएटच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या) कारखान्यात पर्यावरण विभाग सांभाळत होते. बायपास म्हणजे ईटीपीला वळसा घालून जाणारी पाइप. तिच्यातून प्रक्रिया न झालेलं पाणी कांसमध्ये, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या नाल्यात जात होतं, आणि ती कांस पुढे विश्वामित्री नदीला मिळते. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत जे शिकले ते सांगते. तुमच्यावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल.

तुमचा हात आधी व्हॉल्वकडे जाईल. थांबा. बंद केल्यावर ते पाणी कुठे जाणार? आमची इक्वलायझेशन टाकी, जिथे सांडपाणी आधी साठवून एकसारखं करतात, ती काठोकाठ होती. व्हॉल्व बंद करून प्रॉडक्शन चालू ठेवलं असतं, तर दोन तासांत तेच पाणी टाकीवरून उतू जाऊन जमिनीत मुरलं असतं. म्हणून आधी प्रॉडक्शन मॅनेजरला उठवा. तो म्हणेल, रिॲक्टरमधली बॅच अधेमधे थांबवता येत नाही. ते खरं असू शकतं, सल्फोनेशनची रासायनिक क्रिया अर्ध्यात सोडणं धोक्याचं. त्याच्याशी वाद घालू नका. चालू बॅच पूर्ण होऊ द्या, नवीन चार्ज करू नका, म्हणजे रिॲक्टरमध्ये नवा माल भरू नका, मदर लिकर (माल वेगळा काढल्यावर उरणारं रसायनांचं पाणी) रिकाम्या टाकीत किंवा टँकरमध्ये धरून ठेवा, आणि मग व्हॉल्व बंद करून कुलूप घाला. किल्ली तुमच्याकडे.

मग नमुने. पाऊस पडत असेल तर उजाडायची वाट पाहू नका, पुरावा वाहून जातो. बायपासच्या तोंडाशी एक, कांसमध्ये त्याच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला एक. पीएच जागेवरच मोजा. सीओडी आणि बीओडी ही पाण्यातल्या घाणीची मापं, ती कुजायला किती ऑक्सिजन लागेल ते सांगणारी. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक ॲसिड घालून पीएच 2च्या खाली आणा. बीओडीच्या बाटलीत ॲसिड घालू नका, ती नुसती बर्फात. प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या, वेळ लिहिलेली, फोटोसह. आमच्या खालच्या अंगाचा सीओडी लिटरला 3,400 मिलिग्रॅम आला. नदीनाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा 250 आहे.

पहाटे शेठना फोन केला. "बेन, सवार सुधी थोभो," ते म्हणाले. सकाळी वकिलांना विचारू, मग बघू. इथे तुम्हाला पाय रोवून उभं राहावं लागेल. 1974च्या जल कायद्याचं कलम 31 सांगतं की अपघाताने किंवा अनपेक्षित कारणाने प्रदूषित पाणी बाहेर गेलं, किंवा जाण्याची शक्यता असली, तरी जागेच्या प्रमुखाने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण बोर्डाला ताबडतोब कळवायचं. ताबडतोब म्हणजे वकील उठल्यावर नव्हे. मी शेठना बिछडीची गोष्ट सांगितली. राजस्थानातलं ते गाव. आपल्यासारखेच कारखाने, एच-ॲसिड या रंगाच्या रसायनाचे. तिथल्या विहिरींचं पाणी तपकिरी झालं, आणि 1996मध्ये सुप्रीम कोर्टाने साफसफाईचा खर्च कारखान्यांच्या माथी मारला. सुमारे 37 कोटींची ती रक्कम वर्षानुवर्षं लांबवली गेली, तर 2011मध्ये कोर्टाने त्यावर चक्रवाढ व्याज लावलं. शेठ हिशेबाचे पक्के. व्याजाचं नाव काढलं तसे गप्प झाले आणि म्हणाले, "लखो." लिहा.

बोर्डाला ईमेल करताना विशेषणं गाळा. "किरकोळ", "नगण्य", "नियंत्रणात" यातलं काहीही नको. कधी कळलं, काय गेलं, कुठे गेलं, काय थांबवलं, अजून काय तपासतोय, एवढंच. जे मोजलं नाही ते मोजलं नाही असं लिहा. आमच्या एका साहेबांनी मसुद्यात "केवळ एका रात्रीचा प्रकार" असं घातलं होतं. मी ते खोडलं, आणि नशीब की खोडलं.

कारण तो एका रात्रीचा प्रकार नव्हता, आणि ते लॉगबुकने सांगितलं. पान उघडलं तर दर तासाला पीएच 7.2. सगळ्या शिफ्टमध्ये 7.2. अकरा दिवस 7.2, एकाच निळ्या शाईत, 7ची आडवी रेघ तशीच्या तशी. खरं पाणी असं वागत नाही. तासातासाला ते 6.9, 7.4, कधी 8.1 होतं. ऑनलाइन मीटरच्या स्क्रीनवरही सगळं हिरवं होतं. मीटर आउटलेटवर बसवलेलं आणि बायपास त्याच्या आधीच फुटत होता, मग त्याला काय दिसणार?

किती दिवस आणि किती पाणी, हे शोधायचं तर माणसांनी भरलेले आकडे बाजूला ठेवा. पाण्यातलं ॲसिड मारायला चुना लागतो, तर स्टोअरमधून चुन्याच्या किती गोण्या उचलल्या ते पाहा. आमच्याकडे एरवी रोज अठरा लागायच्या, त्या अकरा दिवसांत रोज चार. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या सबमीटरचे विजेचे युनिट पाहा. फिल्टर प्रेसमधून गाळ किती निघाला आणि तो पाठवल्याचे मॅनिफेस्ट (रवानगीचे कागद) किती, ते जुळवा. मग आत आलेल्या पाण्यातून वाफ, मालात गेलेलं आणि इफ्लुएंट चॅनलच्या मीटरवर दिसलेलं पाणी वजा करा. उरतं ते कांसमध्ये गेलं. हा चॅनल म्हणजे कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी वाहून नेणारा कालवा, आमच्यासारख्यांसाठीच 1983पासून आहे, सुमारे 56 किलोमीटर, महीच्या मुखापर्यंत. इतकी सोय दारात असताना आम्ही नदी बाटवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता माणसाबद्दल. दुसऱ्या दिवशी एचआरचं पत्र तयार होतं, ऑपरेटरला निलंबित करायचं. मी सही केली नाही. त्याने फोन केला नसता तर आम्हाला कळलंच नसतं. त्याला समोर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "अरे, पहिल्यांदा उघडलास तेव्हा काय झालं होतं?" तो म्हणाला, "ब्लोअर बंद पडला ताई. टाकी भरत होती. वर फोन केला, तर म्हणाले, बघून घे." स्टोअरला गेले. ब्लोअरच्या बेअरिंगचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, चार महिने मंजुरीसाठी पडून होता, त्यावर तीन शेरे, "तातडीचे नाही" म्हणून. तुमच्याकडेही असा एखादा कागद असेल. तो मिळेपर्यंत चौकशी संपली असं समजू नका. आमचा अहवाल त्या इंडेंटच्या फोटोने सुरू झाला, आणि ते शेरे ज्यांचे होते त्यांनी तो बैठकीत स्वतः वाचला.

गावात उशिरा जाऊ नका. आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो, खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. कांसेच्या काठावर भाजीची शेतं होती, एका घरच्या म्हशी तिथेच पाणी प्यायच्या. सरपंचांना सांगा की तपासणी होईपर्यंत हे पाणी जनावरांना पाजू नका, पिकाला देऊ नका. तेव्हाच पाण्याचे टँकर कंपनीच्या खर्चाने उभे असू द्यात, हात हलवत जाऊ नका. पीआरवाल्याला पाठवू नका. ज्याला पाण्यातलं कळतं त्याने जावं आणि शिव्या ऐकून घ्याव्यात. एका आजींनी मला विचारलं, "बेन, तमे आ पाणी पीशो?" मी नाही म्हटलं.

ब्लोअरचं बेअरिंग आता कायम दोन नग स्टोअरमध्ये असतं. बायपासची पाइप कापून तोंडाला ब्लँक, म्हणजे बंद झाकण, वेल्ड केला. टाकी ठरावीक पातळीच्या वर गेली की ऑपरेटर स्वतः चार्जिंग थांबवू शकतो, कुणाला विचारावं लागत नाही. हा लेखी आदेश शेठच्या सहीचा हवा, नाहीतर रात्री दोनला त्याला काही किंमत नसते. विहिरी आणि बोअरचे नमुने वर्षभर दर महिन्याला घ्या आणि रिपोर्ट गुजरातीत पंचायतीच्या भिंतीवर लावा. आमचा पहिल्या महिन्याचा रिपोर्ट वाईट होता. तोही लावला.